पुढच्या तपासणीला बघू



विमान अपघाताचा विषय निघाला की चर्चा फिरते ती शेवटच्या काही मिनिटांभोवती. वैमानिक काय बोलले, कोणता दिवा लागला, कोणाचा हात कुठल्या दांड्यावर होता. ब्लॅक बॉक्समध्ये ती मिनिटे बंदिस्त असतात, म्हणून तपास तिथून सुरू होतो आणि वर्तमानपत्रांचा रस बहुधा तिथेच संपतो. आज मी त्या मिनिटांना फारसा वेळ देणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या दहा-बारा वर्षांविषयी: हँगरमधल्या कामाच्या कार्डांविषयी, तपासण्यांच्या वेळापत्रकांविषयी आणि 'पुढच्या तपासणीला बघू' या वृत्तीविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे. विमानाचे एखादे काम पुढे ढकलणे अपरिहार्य असते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. मात्र ढकलण्याच्या प्रत्येक निर्णयाला त्याचा स्वतःचा पुरावा लागतो. 'मागच्या वेळी ढकलले, काही बिघडले नाही' हे कारण पुढच्या खेपेला चालवून घेतले की घसरण सुरू होते, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तिची प्रत्येक पायरी नियमात बसलेली असते.

आधी हे ढकलणे म्हणजे काय ते पाहू, कारण बाहेरच्या माणसाला नुसते ऐकूनच धडकी भरते. विमानाच्या प्रत्येक जातीसाठी मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाची यादी असते. या क्षेत्रात तिला सगळे एमईएल म्हणतात. कोणते उपकरण बंद असताना विमान उडवता येईल, कोणत्या अटींवर आणि किती दिवस, हे तीत लिहिलेले असते. बी वर्गातला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त व्हायला हवा, सी वर्गातला दहा, डी वर्गातला एकशेवीस. ए वर्गातल्या बाबींची मुदत यादीतच स्वतंत्रपणे दिलेली असते. शेपटीतले छोटे इंजिन, म्हणजे एपीयू, बंद असले तर विमानतळावरची वीज आणि हवा घेऊन मुख्य इंजिने सुरू करता येतात. तेवढ्यासाठी दीडशे माणसांना अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. अशा बिघाडाची नोंद टेक लॉगमध्ये होते, कॉकपिटमध्ये त्या बटणाशेजारी चिठ्ठी लागते आणि वैमानिकाला ती दिसते. दुसऱ्या प्रकारचे ढकलणे याहून शांतपणे होते. त्यात कोणताच बिघाड नसतो. कंपनीच्या साऱ्या ताफ्यासाठी एखाद्या नेमाच्या कामाची मुदत वाढवली जाते, पाचशे तासांनी व्हायचे ते हजार तासांनी होऊ लागते. त्याची चिठ्ठी कुठेच लागत नाही. मला जास्त भीती वाटते ती या दुसऱ्या प्रकाराची.

31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सचे 261 क्रमांकाचे उड्डाण मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ता येथून निघाले. सॅन फ्रान्सिस्को करून ते सिअ‍ॅटलला जायचे होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, अ‍ॅनाकापा बेटापाशी, ते प्रशांत महासागरात कोसळले आणि आतली 88 माणसे गेली. विमान एमडी-83 जातीचे होते. या विमानाच्या शेपटीवरचा आडवा पंख वरखाली कलतो तो एका लांब पोलादी स्क्रूवर. हा स्क्रू ब्राँझच्या एका जाड नटातून फिरतो. पोलाद कठीण, ब्राँझ मऊ, म्हणजे झीज व्हायची ती नटाच्या आट्यांची. ती मंद राहावी म्हणून ग्रीस. शेपटीतले झाकण उघडून, अडचणीच्या जागेत हात घालून, नटाच्या निपलमधून आतले जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायचे आणि स्क्रूला ब्रशने सर्वत्र लावायचे, एवढेच हे काम. समुद्रातून काढलेल्या स्क्रूभोवती ब्राँझच्या बारीक पट्ट्या तारेच्या वेटोळ्यांसारख्या गुंडाळलेल्या सापडल्या. नटाच्या आट्या होत्या त्या. त्यांची सुमारे नव्वद टक्के जाडी आधीच झिजून गेली होती आणि उरलेली दहा टक्के अखेर कातरली गेली. नटात ग्रीस जाण्याचा मार्ग वाळून घट्ट झालेल्या गाळाने बुजला होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, डिसेंबर 2002 मध्ये अहवाल स्वीकारला. त्यातले मुदतींचे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. या स्क्रूला ग्रीस दर 300 ते 350 उड्डाण-तासांनी द्यावे, अशी डीसी-9 या मूळ विमानासाठी निर्मात्याची सुरुवातीची शिफारस होती. अलास्का एअरलाइन्समध्ये 1987 साली ही मुदत 500 तास होती. 1988 मध्ये तपासण्यांची मांडणी बदलली आणि ती 1000 झाली. 1991 मध्ये 1200. 1994 मध्ये 1600. 1996 मध्ये तास काढूनच टाकले आणि 'आठ महिने' असे ठरले. कंपनीची विमाने तेव्हा जेवढी उडत होती त्या हिशेबाने आठ महिने म्हणजे सुमारे 2550 तास. नट किती झिजला हे मोजण्याच्या तपासणीचेही तसेच. 1985 मध्ये ती 5000 तासांनी होत असे, 1988 नंतर 26 महिन्यांनी म्हणजे सुमारे 6400 तासांनी, आणि 1996 नंतर 30 महिन्यांनी, म्हणजे सुमारे 9550 तासांनी. प्रत्येक बदलाला अमेरिकेच्या नागरी विमान नियामकाची, एफएएची, संमती होती.

तासांऐवजी महिने धरले गेले, हा बदल वरवर कारकुनी वाटतो. पण नटाला कॅलेंडर कळत नाही. तो झिजतो उड्डाणांनी. महिन्यांत मोजलेली मुदत तशीच ठेवून रोजची उड्डाणे वाढवली, की कोणी सही न करता, कोणी बैठक न घेता मुदत वाढत जाते. झीज मोजण्याबाबत निर्मात्याच्या शिफारशीत '7200 तास किंवा 30 महिने, यांपैकी जे आधी होईल ते' असे होते. कंपनीने त्यातले 30 महिने घेतले आणि तासांची अट सोडून दिली. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आरोप एकांगी होईल. ग्रीसच्या बाबतीत खुद्द निर्मात्याची शिफारस 1996 पर्यंत 3600 तासांवर गेली होती. म्हणजे कंपनी त्या मर्यादेच्या आतच होती. पण निर्मात्याने तरी ती कशावरून वाढवली? मूळचे 300-350 तास कोणी आणि का ठरवले होते, हे ते ठरवणाऱ्या अभियंत्यांना मुदत वाढवताना विचारले गेले नव्हते. एका पिढीने सावधगिरीने घातलेली अट पुढच्या पिढीला निव्वळ जुनी सवय वाटली. डीसी-9 च्या रचनेत त्या नटाला दोन स्वतंत्र आट्या होत्या आणि एक गेली तर दुसरी भार पेलेल असे धरलेले होते. ग्रीस नसेल तर दोन्ही एकाच वेळी, सारख्याच झिजतील, याचा विचार त्या गृहीतकात नव्हता. बाकी सगळी सुरक्षितता ग्रीसवर उभी होती आणि ग्रीसची मुदत टप्प्याटप्प्याने ताणली जात होती.

एक संधी मात्र मिळाली होती. सप्टेंबर 1997 मध्ये हेच विमान ओकलंडच्या हँगरमध्ये मोठ्या तपासणीला आले. नटातली ढिलाई मोजली तेव्हा ती 0.040 इंच, म्हणजे मिलिमीटरभर, भरली. परवानगी नेमकी तेवढीच होती. कामाच्या कार्डावर नट बदलावा असे लिहिले गेले. पुढच्या पाळ्यांमध्ये मोजमाप पुन्हा झाले, 0.033 आले, आधीचा शेरा रद्द झाला आणि विमान सेवेत परतले. या प्रसंगात खलनायक शोधू नये. मर्यादेवर असलेला भाग मर्यादेच्या आत आहे, हे कागदावर खरेच होते. चूक त्या हिशेबात होती, जो कार्डावर नव्हता: पुढची मोजणी तीस महिन्यांनी होणार, तोवर हे विमान आणखी किती तास उडेल, आणि मधल्या काळात ग्रीस वेळेवर, पुरेसे मिळेल याची खात्री काय? मर्यादा एका विभागाने ठरवली, मुदत दुसऱ्याने, ग्रीस तिसऱ्याने दिले. तिन्हींची बेरीज करणे कोणाच्याच कामात बसत नव्हते. अपघातानंतर काही दिवसांतच एफएएने आदेश काढला: ग्रीस दर 650 तासांनी, मोजमाप दर 2000 तासांनी. म्हणजे माहिती हाताशी होती, अक्कलही होती. ती वापरायला 88 मृत्यू लागले.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मी सर्वांत भक्कम मानतो. तो असा, की जास्त देखभाल म्हणजे जास्त सुरक्षा हा समज विमानक्षेत्राने कधीच खोटा ठरवला आहे. युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप या दोघांनी 1978 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक मोठा अहवाल लिहिला. विमानाच्या सुट्या भागांपैकी वय वाढले म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे, आणि म्हणून ठराविक वयाला काढून टाकण्यात फायदा असलेले भाग त्यांना सुमारे 11 टक्केच आढळले. उरलेले 89 टक्के कधीही बिघडतात. त्यांना मुदतीत उघडून पाहण्याने काही साधत नाही, उलट उघडताना नवा बिघाड आत घातला जातो. याच विचाराने बोइंग 747 ची देखभाल आखली गेली. पहिल्या मोठ्या तपासणीच्या 20,000 तासांपर्यंत पोचताना युनायटेडला त्याच्या सांगाड्याच्या तपासणीवर 66,000 मनुष्य-तास लागले. जुन्या पद्धतीने सांभाळलेल्या डीसी-8 ला त्यासाठी 40 लाखांहून अधिक लागले होते. आणि 747 काही कमी सुरक्षित ठरले नाही. मग मुदत वाढवली म्हणून ओरड कशाला?

ओरड नाही, पण या अहवालाचा अर्थ नीट लावला पाहिजे. नोलन आणि हीप यांनी मुदती वाढवा असे सांगितले नाही. प्रत्येक भाग कसा बिघडतो ते पाहा, बिघडला तर काय होईल ते पाहा आणि त्यावरून काम ठरवा, असे सांगितले. ज्याच्या बिघाडाने विमान पडू शकते तो भाग आणि कॉफीचे यंत्र एका मापाने मोजायचे नाहीत, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. शेपटीतला स्क्रू त्या 11 टक्क्यांतला: त्याची झीज तासागणिक होते, मोजता येते, आणि तो गेला तर पर्याय नाही. म्हणजे पद्धत प्रामाणिकपणे लावली असती तर या नटाची मुदत सर्वांत शेवटी वाढली असती. झाले उलट. स्क्रूचे ग्रीस ए चेक नावाच्या नेमाच्या तपासणीच्या गठ्ठ्यात बांधले होते. ए चेकची मुदत वाढली की गठ्ठ्यातल्या सगळ्यांबरोबर त्याचीही वाढली. जी पद्धत प्रत्येक भागाचा वेगळा विचार करायला सांगते, तिच्या नावाखाली कोणाचाच वेगळा विचार झाला नाही. माझा आक्षेप पुढे ढकलण्याला नाही, विचार न करता ढकलण्याला आहे. आणि अनुभवी माणसांकडूनही हे होते, कारण अनुभव म्हणजे त्यांच्या लेखी बहुधा 'आजवर काही झाले नाही' हाच असतो.

इथे एमईएलचा मुद्दा पुन्हा घ्यावा लागतो, कारण तिथे घसरण वेगळ्या वाटेने होते. 9 जानेवारी 2021 रोजी श्रीविजय एअरचे बोइंग 737-500 जकार्ताहून पोंतियानाकला निघाले आणि काही मिनिटांत जावा समुद्रात कोसळले. 62 माणसे गेली. इंडोनेशियाच्या तपास संस्थेच्या अहवालानुसार इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटल यंत्रणेबद्दल 2013 पासून 65 वेळा तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. अपघाताच्या आठवड्यातला क्रम पाहा. 3 जानेवारीला वैमानिकाने यंत्रणा चालत नसल्याचे लिहिले; जोडणीची पिन साफ केली, चाचणी ठीक आली. 4 तारखेला पुन्हा बंद. पुन्हा साफसफाई, या वेळी उपयोग झाला नाही, म्हणून बिघाड पुढे ढकलला. 5 तारखेला एक स्विच साफ केला, चाचणी ठीक आली आणि ढकललेली नोंद बंद झाली. 9 तारखेला विमान उडाले तेव्हा कागदावर या यंत्रणेचे काहीही प्रलंबित नव्हते. मुदत पाळली गेली, नोंद मिटली, रोग तसाच. चढताना उजव्या इंजिनाचा दांडा हलला नाही, डाव्याची ताकद कमी होत गेली आणि विमान कलले. वैमानिकांचे दुर्लक्षही अहवालात आहे. ते मी झाकत नाही. पण पासष्ट तक्रारींना पासष्ट वेगळ्या घटना मानणाऱ्या कारखान्याने त्यांच्या हाती काय दिले होते, हेही त्याच अहवालात आहे. डिसेंबर 2014 मध्ये पडलेल्या एअरएशियाच्या एअरबस 320 विमानातही हेच दिसते: सुकाणूच्या मर्यादकाशी संबंधित बिघाड आदल्या बारा महिन्यांत 23 वेळा, मुळाशी सोल्डरला गेलेला तडा आणि हँगरमधला उपाय बहुतेक वेळा यंत्रणा बंद करून चालू करण्याचा.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. विमान कंपनीला अपघात परवडत नाही. एका अपघाताने ब्रँड बुडतो. मग ती मुद्दाम धोका का पत्करेल? मलाही असे कोणी करत असेल असे वाटत नाही. पण 'कंपनी' नावाचा एकच माणूस निर्णय घेत नसतो. भाग साठ्यात ठेवायचे नाहीत हे वित्त विभाग ठरवतो, विमान रात्री कुठे उभे राहणार हे वेळापत्रक ठरवते, आणि पहाटे चार वाजता हातात बिघाड आणि समोर साडेपाचचे उड्डाण असलेला अभियंता त्या दोन्हींच्या मधे सापडतो. अपघाताची किंमत कंपनीला पुढे कधीतरी, कदाचित कधीच नाही, मोजावी लागते. उशिराची किंमत त्याला आज सकाळी मोजावी लागते. हे काल्पनिक नाही. जुलै 2022 मध्ये आपल्या नागरी विमान नियामकाने, डीजीसीएने, स्पाइसजेटला दिलेल्या नोटिशीत असे म्हटले होते की पुरवठादारांची देणी नियमित दिली जात नाहीत, त्यामुळे सुट्या भागांचा तुटवडा होतो आणि एमईएलचा आधार वारंवार घ्यावा लागतो. म्हणजे हिशेबाच्या वहीतली थकबाकी टेक लॉगमध्ये उतरते. त्या महिन्याच्या अखेरीस कंपनीच्या उड्डाणांवर आठ आठवड्यांसाठी निम्म्याची मर्यादा घालण्यात आली. त्याच महिन्यात डीजीसीएला अनेक ठिकाणच्या अचानक तपासण्यांत तीन गोष्टी आढळल्या: बिघाडाचे कारण चुकीचे ठरवणे, एमईएलखाली विमाने सोडण्याचे वाढते प्रमाण आणि सही करणाऱ्या पात्र अभियंत्यांची कमतरता. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध उघड आहे. कारण शोधायला माणूस आणि वेळ लागतो. माणूस नसेल तर लक्षण झाकून विमान सोडले जाते, आणि ते सोडायची कायदेशीर वाट एमईएल देते.

अहमदाबादच्या अपघातानंतर, जून 2025 मध्ये, डीजीसीएने दिल्ली आणि मुंबई विमानतळांवर व्यापक पाहणी केली. अहमदाबादच्या अपघाताचे कारण हा वेगळा विषय आहे, त्याची आणि या पाहणीची मी सरमिसळ करत नाही. पण पाहणीचे निष्कर्ष म्हणून जे प्रसिद्ध झाले त्यात हे होते, की नोंदवलेले बिघाड त्याच विमानांत अनेकदा पुन्हा उद्भवलेले दिसले आणि त्यावरून देखरेख आणि दुरुस्ती दोन्ही अपुरी असल्याचे कळते. झिजलेल्या टायरमुळे एक उड्डाण रोखावे लागले. 2022 आणि 2025 या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर रोगाचे नाव तेच आहे.

तिसऱ्या आक्षेपाला मी थोडक्यात उत्तर देतो. विमान स्वीकारायचे की नाही हा अंतिम अधिकार कॅप्टनचा आहे, मग बाकीच्या चर्चेची गरज काय, असे विचारले जाते. कॅप्टनला चिठ्ठी लावलेला बिघाड दिसतो. शेपटीतल्या नटाच्या आट्या दिसत नाहीत, आणि चार दिवसांपूर्वी बंद केलेली नोंद साफसफाईने बंद झाली की दुरुस्तीने, हे त्याला उड्डाणापूर्वीच्या अर्ध्या तासात कळण्याजोगे नसते. अधिकार आहे, माहिती नाही. विमान प्रवास रस्त्याच्या प्रवासाहून कितीतरी सुरक्षित आहे हे उत्तरही असेच. ते खरे आहे, पण ती सुरक्षितता ज्या शिस्तीतून आली तिची पडताळणी थांबवायला ते कारण होऊ शकत नाही.

उपाय नव्या कायद्यात शोधायला नको. मुदत वाढवायची तर ती वाढवणाऱ्याने त्या भागाची झीज मोजून दाखवावी आणि मूळ अट का होती याचे उत्तर लिहावे. ज्या भागाला पर्याय नाही त्याची मुदत गठ्ठ्याबरोबर कधीच वाढू नये. एकच बिघाड तिसऱ्यांदा आला तर तो ढकलण्याचा अधिकार त्या पाळीकडून काढून वर जावा. यातले बरेचसे कागदावर कुठे ना कुठे आहेच. नाही ते बाहेरून पाहणारा डोळा. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. कोणत्या कंपनीची किती विमाने वेळेवर सुटली, किती उड्डाणे कोणत्या कारणाने रद्द झाली, प्रवाशांच्या किती तक्रारी आल्या, हे सगळे त्यात कंपनीवार असते. उशिराचा हिशेब जगापुढे मांडायचा आणि ढकललेल्या दुरुस्त्यांचा कपाटात ठेवायचा, म्हणजे कंपन्यांना आपण कशाला घाबरायचे ते शिकवतो आहोत. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने घालावेत: महिनाअखेर प्रत्येक कंपनीच्या ताफ्यात उघडे असलेले एमईएल बिघाड, मुदतवाढ दिलेले बिघाड आणि तीनहून अधिक वेळा परतलेले बिघाड. ही माहिती कंपन्यांकडे आजही आहे. डीजीसीएने ती मागावी आणि छापावी, आणि आपल्या खासदारांनी ती संसदेत मागावी, एवढीच माझी विनंती आहे.